कला हाती आहे. ग्राहक कोठे आहे?
स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या आरेखनकारांसाठी आणि त्यांना काम देणाऱ्यांसाठीही

काही वर्षांपूर्वी नाशिक येथे भरलेल्या महिला बचत गटांच्या एका प्रदर्शनात फिरण्याचा योग आला. नागलीचे पापड, हातसडीचा तांदूळ, मनुका, घरगुती मसाले असा नाना प्रकारचा माल तेथे मांडलेला होता. मालाच्या दर्जाबद्दल तक्रारीला जागा नव्हती. परंतु बहुतेक दुकानांवर तीच पारदर्शक पिशवी आणि पिशवीत तीच छापील चिठ्ठी होती. निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या चार गटांच्या चिठ्ठ्यांवर तर डोक्यावर घडा घेतलेल्या स्त्रीचे एकच चित्र होते. ते कोठून घेतले, हे चौघींपैकी कोणालाच सांगता आले नाही. छापखान्यात होते, ते लावले, एवढेच उत्तर मिळाले.

त्याच दालनाच्या एका कोपऱ्यात आपल्या आईच्या गटाचा माल विकण्यासाठी एक तरुण बसला होता. उपयोजित कलेची पदविका त्याने चांगल्या श्रेणीत मिळविली होती. मागणी नसताना, केवळ हौसेने त्याने आईच्या गटासाठी एक वेष्टन तयार केले होते. नागलीच्या कणसाच्या वळणातून गटाचे नाव उमटावे अशी त्याची सुबक मांडणी होती. हे इतर गटांना दाखविले का, असे विचारताच तो म्हणाला, "कुणी विचारलंच नाही, साहेब."

ज्याला काम हवे आहे आणि ज्याला त्या कामाची गरज आहे, असे दोघे एकाच मांडवाखाली तीन दिवस बसले होते आणि त्यांची भेट झाली नव्हती. प्रस्तुत लेखाचा विषय ही हुकलेली भेट हाच आहे.

कला आणि तिची ओळख

चित्रकलेचे शिक्षण आपल्या राज्यात नवे नाही. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. तेथे व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग १९३५ साली निघाला आणि १९६१ साली त्याचे रूपांतर उपयोजित कलेच्या वेगळ्या संस्थेत झाले. राज्याच्या कला संचालनालयाची एलिमेंटरी व इंटरमिजिएट ही रेखाकला परीक्षांची नावे तर खेड्यापाड्यांतील शाळांनाही परिचित आहेत. बोधचिन्ह, वेष्टन, माहितीपत्रक, भित्तिपत्रक, पुस्तकाचे मुखपृष्ठ, दुकानाची पाटी आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारी जाहिरात ही सारी या कलेचीच क्षेत्रे होत. पूर्वी ज्याला व्यावसायिक चित्रकार म्हणत, त्याला आज ग्राफिक डिझायनर म्हणतात. हत्यारे बदलली, काम तेच राहिले.

या शिक्षणात रेषा, रंग आणि अक्षर यांचे संस्कार उत्तम होतात. ग्राहक कसा शोधावा, त्याच्याशी काय बोलावे, मोल कसे सांगावे आणि पैसे कसे वसूल करावेत, हे मात्र ज्याचे त्याने ठेचा खात शिकावयाचे असते. नोकरी करणाऱ्याला याची झळ कमी लागते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याचे मात्र सारे जीवन या चार गोष्टींवर अवलंबून असते.

दादासाहेब फाळके यांचा धडा

नाशिककरांना या बाबतीत दूर जाण्याचे कारण नाही. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. ते कलाविद्यालयाचे विद्यार्थी होते. छायाचित्रण, ठसे तयार करणे आणि छपाई हे उद्योग त्यांनी स्वतः केलेले होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते मुद्रणकलेच्या क्षेत्रातील एक स्वतंत्र व्यावसायिक होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्यांनी आपले कार्यक्षेत्र नाशिक येथे आणले.

हा चित्रपट मुंबईबाहेर दाखविताना एक अडचण उभी राहिली. त्याहून कमी पैशांत सहा तासांचे नाटक पाहावयास मिळत असता दीड तासाच्या मुक्या चित्रांसाठी लोकांनी का यावे? यावर दादासाहेबांनी जाहिरात बदलली. ५७ हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र थोड्या आण्यांत पाहावयास मिळेल, अशा आशयाची ती जाहिरात होती. प्रेक्षकाला चित्रपट ही वस्तू ठाऊक नव्हती, परंतु छायाचित्राची किंमत ठाऊक होती. एक छायाचित्र काढवून घेण्यास किती पैसे पडतात हे जाणणाऱ्याला ५७ हजार या संख्येचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

येथे पहिला धडा मिळतो. ग्राहकाला आपल्या कलेचे माप कळत नसेल, तर त्याच्या ओळखीच्या मापाने ते सांगावे. "माझी मांडणी समतोल आहे" हे वाक्य द्राक्षबागायतदाराला काहीच सांगत नाही. "आपली पेटी दहा पेट्यांच्या थप्पीत दहा फुटांवरून ओळखू येईल" हे वाक्य त्याला तत्काळ उमगते.

दुसरा धडा त्याच जाहिरातीत, पण उलट बाजूने मिळतो. या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट अशी नोंदलेली आहे. चित्रफितीच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे एकूण चित्रे ५९ हजारांच्या आसपास भरतात. अर्थात ५७ हजार हा आकडा हिशोबाला उतरतो. परंतु दोन मैल म्हणजे १०,५६० फूट होत. तो आकडा मात्र जवळजवळ तिपटीने फुगविलेला दिसतो. तंबूतल्या प्रेक्षकाने फीत मोजली नाही, म्हणून ते खपले. आजचा ग्राहक मोजतो. न केलेली कामे आपल्या नावावर दाखविणे किंवा मोठ्या संस्थांची बोधचिन्हे आपणच काढली असा आभास निर्माण करणे, ही गोष्ट लहान शहरात फार दिवस लपत नाही. आणि एकदा उघडकीस आली म्हणजे चित्रे कितीही सुंदर असली तरी माणूस विश्वासास पात्र राहत नाही.

ग्राहक कोठे शोधावा

"मी सर्व प्रकारची कामे करतो" असे सांगणारा आरेखनकार कोणाच्याच लक्षात राहत नाही. ग्राहकाला आपली अडचण सोडविणारा माणूस हवा असतो. म्हणून आपल्या परिसरात कोणाची कोणती अडचण आहे, याची पाहणी हीच व्यवसायाची पहिली पायरी होय.

नाशिक जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. येथील द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे. येवल्याची पैठणी सर्वदूर गेली आहे. सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती आहेत. दिंडोरी, निफाड या तालुक्यांत द्राक्षे, मनुका आणि मद्यनिर्मिती यांवर आधारलेले उद्योग आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट आहेत. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ आहे. यांतील प्रत्येकाची गरज वेगळी. कारखान्याला यंत्रभागांचे सूचिपत्र लागते, विणकराला साडीसोबत द्यावयाचे परिचयपत्र लागते, बचत गटाला वेष्टन लागते.

वेष्टनाचेच काम पाहा. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर काय छापावे हे केवळ आवडीवर अवलंबून नाही. अन्नसुरक्षा व मानके यांचे २०२० चे लेबलविषयक विनियम आणि वैध मापनशास्त्राचे २०११ चे आवेष्टित वस्तूंबाबतचे नियम यांनी ते ठरवून दिले आहे. पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची व वापराच्या मुदतीची तारीख, उत्पादकाचे नाव व पत्ता, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क आणि शाकाहारी पदार्थासाठी हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ यांना जागा ठेवावी लागते. बहुतेक गटांना याची संपूर्ण माहिती नसते. जो आरेखनकार ही यादी खिशात घेऊन जातो, तो नुसता चित्र काढणारा न राहता सल्लागार ठरतो. "आपल्या चिठ्ठीवर निव्वळ वजन छापलेले नाही; अडचण येऊ शकते," हे एक वाक्य दहा माहितीपत्रकांपेक्षा अधिक काम करते.

नव्या व्यावसायिकाने छापखानेवाल्यांशी स्नेह ठेवावा, हेही येथे सांगितले पाहिजे. लग्नपत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत सारे काम प्रथम त्यांच्याकडे येते. आपल्याकडे वेळ किंवा कसब नसलेले काम ते विश्वासू माणसाकडे आनंदाने पाठवितात. कागदाचे प्रकार, रंगांची जुळणी आणि कटाईसाठी सोडावयाची जागा यांचे ज्ञानही तेथेच मिळते.

नमुन्यांची वही

ग्राहकाकडे जाताना बरोबर नमुने हवेत. ते कागदावर असोत, संगणकावर असोत की भ्रमणध्वनीवर. त्यांची निवड महत्त्वाची. चाळीस कामे दाखविण्यापेक्षा आठ-दहा दाखवावीत आणि त्यांतील निदान तीन समोरच्या ग्राहकाच्या व्यवसायाशी जुळणारी असावीत. प्रत्येक नमुन्याखाली तीन ओळी लिहाव्यात: अडचण काय होती, उपाय काय केला, त्याने काय बदलले. जुने वेष्टन आणि नवे वेष्टन शेजारी ठेवले, तर कलेची परिभाषा न येणाऱ्यालाही फरक दिसतो.

ज्याच्याजवळ अद्याप प्रत्यक्ष काम नाही त्याने काय करावे? त्याने स्वतःच काही अडचणी निवडाव्यात. गावातील वाचनालयाचे सूचनाफलक, एस. टी. स्थानकावरील वेळापत्रक, आईच्या गटाचे वेष्टन अशी तीन-चार कामे मनापासून करावीत आणि "हा स्वतंत्र अभ्यास आहे" असे खाली स्पष्ट लिहावे. ते लिहिल्याने कमीपणा येत नाही. उलट माणसाचा प्रामाणिकपणा दिसतो. महाजालावरून उचललेली चित्रे आणि परवान्याविना वापरलेले टंक मात्र नमुन्यांत नसावेत.

केलेल्या कामावर आपले नाव असणे ही सर्वांत स्वस्त जाहिरात होय. दीनानाथ दलाल यांनी मराठी पुस्तकांची आणि मासिकांची असंख्य मुखपृष्ठे रंगविली आणि १९४५ पासून 'दीपावली' हा वार्षिक अंकही काढला. त्यांची सही घरोघरी ओळखीची झाली, कारण ती प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात होती. आजही माहितीपत्रकाच्या मागील पानावर लहान अक्षरांत नाव छापण्याची परवानगी मागावी. बहुतेक ग्राहक ती देतात. न मागितल्यास कोणी देत नाही.

पहिली भेट

पहिल्या भेटीत अनेक तरुण आपल्याविषयी फार बोलतात. खरे तर त्या वेळी ऐकावे आणि विचारावे. माल कोणाला विकता? खरेदीदार तो कोठे पाहतो? आजवर कोणत्या वेष्टनाचा त्रास झाला? छपाईसाठी किती खर्च ठरविला आहे? निर्णय कोण घेणार? या पाच प्रश्नांची उत्तरे वहीत टिपून घ्यावीत. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. बचत गटात अध्यक्षा "छान आहे" म्हणतात, पण मान्यता बैठकीत मिळावयाची असते. ज्याने बैठकीची तारीख विचारून ठेवली, त्याचे काम पुढे सरकते.

भेटीनंतर दोन दिवसांच्या आत एक छोटे पत्र किंवा संदेश पाठवावा: आपण काय बोललो, मला काय समजले, मी काय करू शकतो, त्यास किती दिवस आणि किती रक्कम लागेल. उत्तर आले नाही तर आठवड्याने एकदा आठवण द्यावी. त्यात लाचारी नाही. ग्राहक विसरतो, कारण त्याला स्वतःची शंभर कामे असतात.

मोल कसे सांगावे

"नुसतं चित्र तर काढायचंय, त्याचे इतके पैसे?" हा प्रश्न प्रत्येक आरेखनकाराने ऐकलेला असतो. उत्तर देण्यापूर्वी आपला हिशोब आपल्याला ठाऊक असावा. समजा, घरखर्च, संगणकाची झीज, वीज, प्रवास आणि आजारपणाची तरतूद मिळून महिन्याला ३० हजार रुपये लागतात. महिन्यातील २५ कामाच्या दिवसांपैकी ग्राहक शोधणे, भेटी आणि वसुली यांत निम्मे दिवस जातात. प्रत्यक्ष मोबदला मिळणारे दिवस १२ धरावेत. म्हणजे एका दिवसाचे किमान मोल २,५०० रुपये झाले. तीन दिवसांचे काम दीड हजारात स्वीकारणारा माणूस ग्राहकावर उपकार करीत नाही. तो स्वतःच्या घरातून सहा हजार रुपये देत असतो.

दर सांगताना त्यात काय येते हेही सांगावे: किती पर्याय, किती दुरुस्त्या, छपाईची देखरेख आहे की नाही, मूळ फाइल मिळणार की नाही. ग्राहकाची ऐपत कमी असेल तर दर पाडण्यापेक्षा काम कमी करावे. तीन पर्यायांऐवजी एक द्यावा. काम सुरू करण्यापूर्वी निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची प्रथा दोघांच्याही हिताची आहे. पैसे गुंतलेला ग्राहक निर्णय लवकर घेतो.

"आधी करून दाखवा, आवडले तर बघू" या मागणीला नम्रपणे नकार द्यावा. नमुन्यांची वही त्यासाठीच असते.

कागदावर असावे

आपल्याकडे ओळखीवर चालणारे व्यवहार पुष्कळ आणि त्यातून होणारे कलहही पुष्कळ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंताचा आपल्या कृतीवर सामान्यतः प्रथम हक्क असतो. तथापि काही कृती, उदाहरणार्थ मोबदला देऊन काढवून घेतलेले व्यक्तिचित्र, वेगळा करार नसल्यास काढवून घेणाऱ्याच्या मालकीची ठरते. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत असे कायदा मानतो. बोधचिन्ह पिढ्यान्‌पिढ्या वापरावयाचे असल्याने ग्राहकाच्या दृष्टीनेही हा मुद्दा लहान नाही. एका पानाचा साधा मराठी करार पुरतो. त्यावर काम, रक्कम, दुरुस्त्यांची संख्या, तारखा आणि हक्क एवढे असले म्हणजे झाले.

वसुलीसाठीही कायद्याचे साह्य आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ साली झाला. जुलै २०२० पासून त्याखालील उद्यम नोंदणी संगणकीय पद्धतीने विनामूल्य होते आणि सेवा व्यवसायालाही ती उपलब्ध आहे. सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे देणे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, परंतु कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन खरेदीदारावर आहे. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज आकारता येते आणि सूक्ष्म व लघु उपक्रम सुकरता परिषदेकडे दाद मागता येते. मात्र ही नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वीच झालेली असावी. तक्रारीची वेळ क्वचितच येते; परंतु देयकावर नोंदणी क्रमांक छापलेला पाहून पुष्कळ थकलेली देयके हलतात.

काम देणाऱ्यांचे कर्तव्य

हे मासिक वाचणाऱ्यांत अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांची संख्या मोठी आहे. त्यांतील अनेक जण या व्यवसायाचे ग्राहक आहेत, हे ध्यानी घेतले पाहिजे. ग्रामस्वच्छतेचे फलक, यात्रेचे माहितीपत्रक, शाळेचे वार्षिक, ग्रामपंचायतीचे बोधचिन्ह ही कामे कोणी तरी करीतच असते.

शिक्षकांनी रेखाकला परीक्षेत यश मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला पुढील शिक्षणाच्या वाटा सांगाव्यात, आणि चित्रकलेबरोबर दोन गोष्टी आग्रहाने शिकवाव्यात: शुद्ध लिहिणे आणि हिशोब ठेवणे. पंचायत सदस्यांनी बोधचिन्हासाठी स्पर्धा घ्यावयाची असेल तर पारितोषिकाची रक्कम आणि न निवडलेल्या चित्रांवरील हक्क कोणाचा राहील, हे आधी जाहीर करावे. अधिकाऱ्यांनी दरपत्रके मागविताना काय हवे ते नेमके लिहावे; "आकर्षक फलक" एवढ्या दोन शब्दांवर आलेल्या दरांची तुलना होऊच शकत नाही. आणि देयके वेळेवर द्यावीत. शासकीय कार्यालयांकडूनही या बाबतीत दिरंगाई होते, हे कबूल केलेले बरे. पाच हजारांचे देयक टेबलावरून टेबलावर चार महिने फिरते, तेव्हा कागदाला काही होत नाही. त्या कलावंताच्या घरी मात्र भाडे थकलेले असते.

प्रदर्शनातील त्या तरुणाला त्या दिवशी एवढेच सुचविले की, आपले वेष्टन घेऊन शेजारच्या चार गटांकडे जावे आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरील एकच चित्र त्यांना दाखवावे. तो संकोचला, मग उठला. सायंकाळी दालन बंद होताना तो परत आला, तेव्हा त्याच्या वहीत दोन गटांची नावे, त्यांच्या पुढील बैठकीच्या तारखा आणि एका गटाने दिलेले पाचशे रुपये होते. त्या गटाच्या अध्यक्षा, वयाने त्याच्या आजीएवढ्या, त्याला जाता जाता म्हणाल्या होत्या, "बाळा, तू पहिल्याच दिवशी का नाही आलास?"

हा प्रश्न प्रत्येक होतकरू कलावंताने स्वतःला विचारावा. आणि आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या कार्यालयाच्या दाराबाहेर असा कोणी थांबलेला आहे काय, हे उरलेल्या आपण सर्वांनी पाहावे.